अंकुशकृमीच्या संशोधनाला हॅमस्टर अजून लागतो का?

मृद्गंध (धागाकर्ती):
परवा मैत्रिणीने विचारलं, "आता आतड्याच्या पेशी ताटलीत वाढवता येतात, मग प्राणी कशाला मारता?" मी पशुगृहात काम करते, प्रश्न झोंबला. माझं उत्तर: लागतो.

अंकुशकृमी म्हणजे आतड्यात राहून रक्त शोषणारा जंत (हुकवर्म). त्याची अळी कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, श्वासनलिकेतून वर येते, गिळली जाते आणि मग आतड्याला चिकटते. हा सगळा प्रवास ताटलीत कसा बघणार? त्यात माणसाला होणारा अंकुशकृमी, नेकेटर, साध्या उंदरात तग धरत नाही. १९६७ साली सेन आणि सेठ यांनी गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात तो सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यात पूर्ण वाढवून दाखवला. आपल्या मुंबईत झालेलं काम आहे हे!

बाधा झालेल्या हॅमस्टरच्या लेंड्या कोळशाच्या भुकटीत कालवून ओलसर ठेवल्या की आठवड्याभरात अळ्या तयार होतात. थेंबभर पाण्यात त्या वळवळताना दिसल्या की मला शेतात अनवाणी राबणाऱ्या बायकांच्या टाचा आठवतात.

नितळ:
ताई, असहमत. ब्राझीलमध्ये नेकेटरच्या एएसपी-२ प्रथिनाची लस टोचली तेव्हा काय झालं? आधी कृमी होऊन गेलेल्या माणसांच्या अंगभर गांध्या उठल्या, चाचणी थांबवावी लागली. त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जी उठवणारं प्रतिद्रव्य, आधीपासूनच होतं. पिंजऱ्यातल्या हॅमस्टरला जन्मात कधी कृमी झालेला नसतो, तो ही सूचना कुठून देणार? नेदरलँड्समध्ये लायडनला स्वयंसेवक मोजून अळ्या हातावर लावून घेतात. माणसाच्या रोगाला माणूसच खरा. आणि औषध म्हणाल तर १० फेब्रुवारीला शाळाशाळांत अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतातच की.

मृद्गंध:
लसीचं मान्य, ते मलाही खुपतं. औषधाचं तसं नाही. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन मिळालं ते जंत झालेल्या उंदरांवर तपासूनच. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. तिथे उंदीर हुबेहूब माणसासारखा असायची गरज नव्हती, जंत मरतात का एवढंच बघायचं होतं. कोणीच कधी घेतलेलं नाही असं रसायन तुम्ही लायडनच्या स्वयंसेवकाला पाजाल?

माळरान:
मी जनावरांचा डॉक्टर. शेळीची खालची पापणी ओढतो. पांढरीफटक दिसली की समजायचं, जंतांनी रक्त शोषलंय. अल्बेंडाझोलच्या जातीची औषधं वर्षानुवर्षं पाजून मेंढ्यांचे जंत त्यांना दाद देईनासे झालेत. अमेरिकेत कुत्र्यांच्या अंकुशकृमीचीही तीच गत. तेव्हा नितळ, शाळेतल्या गोळीवर विसंबू नका. पण ताई, मग हॅमस्टरच का? गल्लीतल्या कुत्र्यांना अंकुशकृमी आहेतच. त्यांच्यावर औषध तपासा, त्यांचाही आजार जाईल.

मृद्गंध:
डॉक्टर, कुत्र्याच्या अंगात किती अळ्या कधी शिरल्या हे कळत नाही. हॅमस्टरला मी मोजून देते. किती दिल्या आणि किती उरल्या, हा हिशेबच हवा असतो. शिवाय कुत्र्यातला कृमी नेकेटर नव्हे. नितळ, तुमच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. लस तपासायची तर हॅमस्टरला आधी बाधा द्यावी, औषधाने बरं करावं आणि मग टोचावी. पिंजरे दुप्पट लागतील.

नितळ:
आणि मरणारे प्राणीही दुप्पट, हे विसरू नका. तरी आधी बाधा झालेला गट परवानगीच्या अर्जातच लिहिलेला असेल तर माझा विरोध नाही. तो गट नसेल तर मात्र त्या लसीसाठी एकही पिंजरा देऊ नये, असंच मी म्हणेन.