मदत हवी आहे : अल्बेडो (ऊन परतवण्याचं प्रमाण) फक्त ०.०५ ने वाढवला तर आर्क्टिकचा बर्फ वाचतोय. कोडमध्ये घोळ आहे का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये समुद्री बर्फाचं एकमितीय मॉडेल लिहितोय. कोथरूडच्या खोलीत पंखा पाचवर ठेवून आर्क्टिक वितळवायचा! (मराठीत दोन्ही बर्फच, म्हणून वर साठतं ते हिम आणि खालचं गोठलेलं समुद्राचं पाणी म्हणजे बर्फ, असं धरा.)

सुरुवात १ मेला. २ मीटर बर्फ, वर ३० सेंमी हिम. हिमाचा अल्बेडो ०.८०, उघड्या बर्फाचा ०.६०. हिम संपलं की आकडा त्याच दिवशी ०.६० वर उतरतो. गंमत म्हणून ०.८० चा ०.८५ केला, तर हिम दोनेक आठवडे जास्त टिकलं आणि सप्टेंबरचा बर्फ चांगलाच जाड निघाला.

आधी वाटलं, चिन्ह चुकलं. मग कागदावर मांडलं. शोषली जाणारी उष्णता २० टक्क्यांवरून १५ वर, म्हणजे पाव हिस्सा गेला. जूनमध्ये चौरस मीटरला ३०० वॅट ऊन धरलं तर १५ वॅटचा फरक, महिनाभरात जवळपास ३.९ कोटी जूल. माझं अख्खं हिम (घनता घनमीटरला ३३० किलो) वितळायला ३.३ कोटी पुरतात!

मग आकडा कुठला घेऊ? सर म्हणतात, निरीक्षणाशी जुळेल तो. पण मग ते मॉडेलचं उत्तर की माझं?

प्रतिसाद :
हिशोब बरोबर आहे, घोळ त्या एका दिवसाच्या उडीत आहे. ०.८५ कोरड्या, ताज्या हिमाचा. ओलं झालं की कण मोठे होतात आणि तेच हिम ०.७० च्या आसपास येतं. १९९७-९८ च्या शीबा मोहिमेत (आर्क्टिकच्या बर्फावर राहून केलेला उष्णतेचा अभ्यास) २०० मीटरच्या रेषेवर अल्बेडो मोजत होते. कोरडं हिम, वितळतं हिम, वितळलेल्या पाण्याची डबकी तयार होणं, डबकी पसरणं, पुन्हा गोठणं असे टप्पे त्यात दिसतात. तुमच्याकडे डबकी नाहीतच, आणि ऊन शोषणारा खरा काळा भाग तीच. निदान पृष्ठभागाचं तापमान उणे १ ते ० अंशांत असताना अल्बेडो हळूहळू उतरवा, जुन्या मॉडेलांत असंच करत.

आणि मे ते सप्टेंबर एवढंच चालवू नका. हिवाळ्यात हेच हिम गोधडी होतं, उष्णता बर्फाच्या सहापट कमी जाऊ देतं, त्यामुळे खालचा बर्फ जाड व्हायला वेळ लागतो. हिम दुप्पट करून पूर्ण वर्ष चालवा आणि आलेख इथेच टाका.