पर्चेसचं पोर्टल आलं म्हणून पैसे वेळेवर येतात का?

वाळूज_टर्निंग :
काल इथं एका कंपनीच्या पर्चेसवाल्या (खरेदी विभागातल्या) साहेबांनी ऑनलाइन खरेदीच्या पोर्टलबद्दल लिहिलं, "पोर्टल आल्यापासून वशिला संपला. आता व्हेंडरांनी रडणं सोडावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं चार सीएनसी मशीनचं शॉप आहे, कंपन्यांना सुटे भाग करून देतो. मे महिन्यात 2,000 बुश (नळीसारखे छोटे सुटे भाग) घेऊन आमचा टेम्पो एका मोठ्या कंपनीच्या गेटवर सकाळी साडेनऊला लागला. गेटवरचा पोरगा म्हणाला, एएसएन (माल येतोय अशी पोर्टलवरची आगाऊ सूचना) दाखवा. पोर्टलवर एएसएन निघेना, कारण पीओवरची (खरेदीच्या ऑर्डरवरची) डिलिव्हरीची तारीख आदल्या दिवशी संपली होती. का संपली? ड्रॉइंगची नवी रिव्हिजन त्यांच्याच डिझाइनकडून चार दिवस उशिरा आली म्हणून. बायरला (ऑर्डर देणाऱ्या त्यांच्या माणसाला) फोन केला तर बायर मीटिंगमध्ये. ड्रायव्हर टेम्पोच्या सावलीत टायरला टेकून बसलेला. माल दुपारी तीनला आत गेला. मग बिल अडकलं. पीओत युनिट 'किलो', मालासोबतच्या माझ्या चलनावर 'नग'. पीओ कुणी बनवली? त्यांनीच. जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) 18 दिवसांनी झाली आणि पेमेंटचे 60 दिवस त्या अठराव्या दिवसापासून मोजले. पूर्वी स्टोअरकीपर लाल पेनानं युनिट दुरुस्त करून सही करायचा. दहा मिनिटांचं काम.

पर्चेस_23_वर्षं :
ते लिहिणारा मीच. तुमचा त्रास खरा असेल, पण लाल पेनाची आठवण मला काढू नका. मी लागलो तेव्हा तीन कोटेशनं यायची, तीन वेगळ्या लेटरहेडवर, आणि तिन्हींत 'डिलिव्हरी'चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं. तिन्ही एकाच टेबलावर टाईप झालेली. हे साहेबांना दाखवलं तर माझीच बदली झाली. त्या लाल पेनानं 900 नगांचे 1,000 सुद्धा व्हायचे. पीओ, जीआरएन आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, हे बंधन चोरांसाठीच आहे.

वाळूज_टर्निंग :
मग चोराचा दंड मी का भरू?

पर्चेस_23_वर्षं :
पोर्टलच्या ट्रेनिंगला बोलावलं होतं. किती व्हेंडर आले? चुकीचं युनिट पीओ हातात आली तेव्हाच दिसतं. वाचली होती का?

वाळूज_टर्निंग :
सोमवारी अकराला, इंग्रजीत ट्रेनिंग. मशीन बंद ठेवून येऊ? माझ्याकडं सात कंपन्यांची सात पोर्टलं, सात पासवर्ड. बिलं माझी बायको करते, पोरांची शाळा सांभाळून. तुमच्याकडं त्यासाठी अख्खं डिपार्टमेंट आहे. पीओ वाचायची जबाबदारी फक्त माझी?

जालना_सळई :
युनिटचं सोडा, रिव्हर्स ऑक्शनवर बोला, विकणाऱ्यांनीच एकमेकांपेक्षा दर पाडायचे तो ऑनलाइन लिलाव. वीस मिनिटांचं ऑक्शन म्हणून साडेअकराला बसलो. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप वाढते. उठलो दीडला. स्क्रॅपचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक, त्यात मी काळजावर दगड ठेवून दर पाडला आणि एल-1, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, आलो. संध्याकाळी फोन, "अजून दोन टक्के बघा ना." मग दिवसभर आम्हाला कामून बसवलं?

पर्चेस_23_वर्षं :
ऑक्शननंतरचा फोन चुकीचाच. त्यावर मी भांडणार नाही.

लातूर_लेखापाल :
सगळे युनिटवर भांडताय. हे 60 दिवस आले कुठून, ते कुणी विचारत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे 2006 च्या एमएसएमईडी (लघुउद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराचं 43 बी (एच) कलम पण लागू झालं. मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला करासाठी उत्पन्नातून वजा मिळत नाही.

वाळूज_टर्निंग :
ताई, ते कलम आलं तेव्हा एका कंपनीच्या माणसानं मला विचारलं, "उद्यम रद्द करता का? म्हणजे काम चालू राहील." मी नाही म्हणालो. पुढचे तीन महिने तिथून एकही पीओ आली नाही. कौन्सिलकडं (थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडं) तक्रार करा म्हणणं सोपं आहे. चार ऑपरेटरांचा पगार सात तारखेला असतो.

पर्चेस_23_वर्षं :
सगळ्या कंपन्यांना एका मापानं मोजू नका. आणि 45 दिवस जीआरएनपासूनच धरतात, सिस्टीम तसंच धरते.

नांदेड_सॅप :
सिस्टीम तसं धरत नाही, तसं धरायला सांगितलेलं असतं. मी हेच काम करतो, कंपन्यांत सॅप नावाचं सॉफ्टवेअर बसवतो. पेमेंट टर्ममध्ये बेसलाइन तारीख, म्हणजे दिवस कधीपासून मोजायचे ते, निवडता येते. बिलाची, पोस्टिंगची, नाहीतर एंट्रीची. किलो आणि नगाचं गुणोत्तर मटेरियल मास्टरमध्ये (सिस्टीममधल्या वस्तूंच्या मूळ नोंदीत) एकदा भरलं की बुश कुठल्याही युनिटमध्ये आला तरी जुळतो. पण हजारो आयटमचं गुणोत्तर भरायला माणूस लागतो, आणि गो-लाइव्हची (सिस्टीम सुरू करायची) तारीख आधीच जाहीर झालेली असते. म्हणून ते राहतं. मी स्वतः दोन ठिकाणी ते तसंच सोडून आलोय, आजही वाईट वाटतं.

लातूर_लेखापाल :
कायद्याला जीआरएन माहीतच नाही. माल प्रत्यक्ष पोचला तो स्वीकृतीचा दिवस. पोचल्यापासून 15 दिवसांत कंपनीनं लेखी हरकत घेतली असेल तरच तो पुढं सरकतो. तुमचे 18 दिवस त्यांनी फुकट वापरले. एक मात्र बघा, नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, उत्पादन किंवा सेवा लागते.

जालना_सळई :
म्हणजे माझ्यासारख्याला काय? मी सळई बनवत नाही, मिलमधून घेऊन विकतो.

लातूर_लेखापाल :
मग नाही, दादा. वाईट आहे, पण नाही.

वाळूज_टर्निंग :
चलनावर गेटचा शिक्का आहे, 3 वाजून 10 मिनिटं. हरकतीचा एकही मेल नाही, नुसते फोन.

पर्चेस_23_वर्षं :
असं असेल तर ती तारीख तुमची आहे. लिहायला जड जातंय, पण आहे. त्या बायरला मेल करा, फोन नाही. शिक्क्याचा फोटो जोडा आणि युनिटसाठी पीओ अमेंडमेंट (पीओत दुरुस्ती) मागा, त्याच्या अधिकारात असते. तरी वशिल्याबद्दल मी लिहिलं ते मागं घेत नाही.

वाळूज_टर्निंग :
नका घेऊ. तुमच्या स्वतःच्या कंपनीत बेसलाइन तारीख कुठली आहे?

पर्चेस_23_वर्षं :
आजवर बघितली नाही. सोमवारी बघतो.

वाळूज_टर्निंग :
काय निघालं ते इथंच लिहा.