मदत हवी आहे: माझ्यासाठी ऑनलाइन काही आहे का?

रातकिडा: परवा अजून एक सायकल झाली. मला ऑनलाइन असं काहीतरी हवंय जे रात्री मोबाइलवर एकट्याने करता येईल, झोप नाही, ऑफिसात एकच मेल परत परत वाचत बसतो. काउन्सेलरकडे जा हे कृपया सांगू नका, घरातून निघता येत नाही. सापडतं ते सगळं पेशंटसाठीच. कुणी केलंय का असं काही? लवकर सांगा.

अनामिका: कसली सायकल? केमो का? कुणाची, आई की बायको? स्टेज?

नीलकंठ: साखर पूर्ण बंद करा, कॅन्सर साखरेवरच वाढतो.

उगाच_डॉक्टर: अहो नीलकंठ, शरीरातल्या सगळ्याच पेशींना साखर लागते. केमोत आधीच जेवण जात नाही, त्यात तुम्ही अजून बंद करायला लावताय. आणि प्रश्न तो नाहीच आहे.

रातकिडा: बायको. ब्रेस्ट. स्टेजचा काय संबंध, मी माझ्यासाठी विचारतोय!!

अनामिका: संबंध कसा नाही? ट्रीटमेंट संपवून बरं व्हायचंय आणि बरं होणारच नाहीये, यात घरच्यांचं ओझं सारखं असतं का?

सोबती: नवरा आजारी असताना मी केला होता एक कोर्स, ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीवरचा. भीतीचे विचार हाकलत बसायचं नाही, येऊ द्यायचे आणि तरी आपल्याला जे महत्त्वाचं आहे ते करत राहायचं, असं काहीसं. सुरुवातीला फालतू वाटला खरं सांगायचं तर. पण घ्यायचा तर मागे कुणीतरी माणूस असलेला घ्या, आठवड्याला एक मेल करणारं का होईना, नाहीतर अर्धवट सुटतो.

तिरसट: ॲपने काय होतंय. व्हॉट्सॲप ग्रुपला या, आपल्यासारखीच माणसं असतात.

सोबती: आमच्या ग्रुपवर सारखं कुणीतरी गेल्याचं यायचं. म्यूट केला मी.

तिरसट: सगळे ग्रुप तसे नसतात हो.

उगाच_डॉक्टर: रातकिडा, आधी पीएचक्यू-९ भरा, नैराश्य तपासायची प्रश्नावली आहे ती. ९ प्रश्न, स्कोअर ० ते २७. १० किंवा जास्त आला तर डॉक्टरला दाखवा, व्हिडिओ कॉलवर चालेल. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर कोर्स राहू दे, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

रातकिडा: १३. नववा शून्य. बघतो कॉलचं. ती पण रात्रभर जागी असते आणि नुसती चिडते, मग मी पण.

उगाच_डॉक्टर: केमोसोबत डेक्सामेथासोन आहे का? स्टेरॉइड आहे ते, झोप उडते, चिडचिड होते. वेळ बदलता येईल का तिच्या डॉक्टरला विचारा, मनाने बदलू नका.

नीलकंठ: म्हणूनच म्हणतो साखर.

रातकिडा: डेक्सा आहे, फाइलमध्ये सापडलं. सोबती, कोर्सला ती पण लागते का?

सोबती: नाही. मी तर नवऱ्याला सांगितलंही नव्हतं. पण एकमेकांशी काय बोलायचं टाळता असा एक भाग येतो, तिथे सांगावं लागलं.