माऊसला हात न लावता : तुमचे शॉर्टकटचे अनुभव सांगा

सीएची आर्टिकलशिप करत होते तेव्हा एका ऑडिटसाठी वाशीच्या एपीएमसीत, मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर पंधरा दिवस बसायला लागलं होतं. खाली मिरचीची पोती, वर पोटमाळ्यावर ऑफिस, दिवसभर शिंका. तिथले मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारे, साठीच्या पुढचे, आणि त्यांना टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधे एंट्र्या करताना मी पहिल्या दिवशी नुसती बघत बसले. डावा हात खरेदीच्या बिलावर, बोट ओळीवर टेकवलेलं, नजर कागदावर, आणि उजव्या हाताने एफ९ दाबलं की खरेदीचं व्हाउचर समोर, एफ२ ने तारीख, पार्टीच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकली की खाली यादी येते, एंटर, रक्कम, एंटर. नवीन पार्टी असली तर ऑल्ट + सी करून तिथल्या तिथे त्याचं लेजर, म्हणजे खातं, उघडायचं, अर्धवट व्हाउचर सोडून बाहेर जायचं नाही. शेवटी कंट्रोल + ए पुरतं डाव्या हाताचं बोट कागदावरून उठायचं आणि पुढच्या बिलावर जाऊन टेकायचं. माऊस होता, पण तो सुतळीने बांधलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्यामागे.

मी म्हटलं काका, केवढा स्पीड आहे तुमचा. तर म्हणाले, "स्पीडचं काय घेऊन बसलीस पोरी, नजर बिलावरून हलली की आकडा चुकतो."

ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. तोपर्यंत मला वाटायचं शॉर्टकट म्हणजे वेळ वाचवायची गोष्ट, दोन सेकंद इथे, तीन सेकंद तिथे. पण खरा फायदा हा आहे की आपण जे काम करतोय त्यातून लक्ष उठत नाही. माऊस शोधायचा, बाण कुठे गेला बघायचं, मेनू उघडायचा, त्यातलं बारीक अक्षर वाचायचं, तेवढ्यात मगाचचा आकडा डोक्यातून गेलेला असतो.

आता मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दर महिन्याला आमचं खरेदी रजिस्टर आणि जीएसटी पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, जुळवायचं असतं. एक्सेलच्या शीटला १०,४८,५७६ ओळी असतात, माझ्या डेटाच्या चार-पाच हजार, त्या चाकाने खाली सरकवत बसलं तर दिवस जाईल. कंट्रोल + खालचा बाण मारला की थेट डेटाच्या टोकाला जातो, आणि मधेच कुठे थांबला तर समजायचं की त्याच्या पुढचा सेल रिकामा आहे, म्हणजे कोणाचा तरी इन्व्हॉइस नंबर टाकायचा राहिलाय. ही तपासणी मला कोणी शिकवली नव्हती, बोटांनी शिकवली. बाकी फॉर्म्युल्यात डॉलर लावायला एफ४, फिल्टरला कंट्रोल + शिफ्ट + एल, बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह, ही रोजचीच.

तुम्ही कुठल्या कामात काय वापरता? ठाणे-नवी मुंबईतले खूप जण वेगवेगळ्या धंद्यातले आहात म्हणून मुद्दाम विचारतेय. नुसती यादी नको, ती कुठेही मिळते. कसं शिकलात, कुठे उपयोग झाला, कुठे फसलं, ते सांगा.

— ऐरोलीची

*

मी नौपाड्यात डीटीपी करतो, लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं. सगळं काम कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधे. आमच्या धंद्यात एक शॉर्टकट असा आहे की तो विसरलात तर पैसे जातात, कंट्रोल + क्यू. म्हणजे अक्षरं कर्व्ह करणं. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, मग समोरच्या प्रेसवाल्याकडे तो फाँट असो नसो, फरक पडत नाही. मराठीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण फाँट नसला की जोडाक्षरांची आणि वेलांट्यांची पार वाट लागते.

सुरुवातीच्या काळात एका वाढदिवसाच्या बॅनरची फाईल घाईत तशीच पाठवली, रात्री दहा वाजता, सकाळी सहाला लावायचा होता. छापून आला तो बघून मला घाम फुटला, "हार्दिक" मधला रफार दुसऱ्याच अक्षरावर आणि नावाच्या जागी चौकोन. दहा बाय आठचा फ्लेक्स, पुन्हा स्वतःच्या खिशातून छापून घेतला. तेव्हापासून माझा हात असा बसलाय की आधी मूळ फाईल सेव्ह, मग कंट्रोल + ए, कंट्रोल + क्यू, मग दुसऱ्या नावाने सेव्ह. हा क्रम चुकवायचा नाही, कारण कर्व्ह झालेल्या मजकुरात नंतर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही, आणि पत्रिकेत चुलत आजोबांचं नाव बदलायला माणसं शेवटच्या दिवशी येतातच.

बाकी पी दाबलं की वस्तू पानाच्या बरोब्बर मधे, सी आणि ई ने एकमेकांच्या मधे, नंबरपॅडवरचं अधिक चिन्ह दाबलं की त्याच जागेवर दुसरी कॉपी, एफ४ ने सगळं काम एका नजरेत. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलेलं असतं, त्याला "जरा डावीकडे, जरा मोठं" सांगितल्यावर लगेच दिसायला हवं, नाहीतर तो दहा वेळा मत बदलतो.

— गोखले रोड

*

मी सोसायटीच्या ऑफिसमधे मेंटेनन्सची बिलं करते, घोडबंदरला. विंडोज + व्ही. बस्स. आधी फ्लॅट नंबर कॉपी करा, पेस्ट करा, परत मागे या, नाव कॉपी करा, परत जा, असं चालायचं. आता चार-पाच गोष्टी सलग कॉपी करते आणि तिकडे जाऊन यादीतून एकेक टाकते. शेवटच्या २५ गोष्टी लक्षात ठेवतो. पहिल्यांदा दाबल्यावर चालू करू का विचारतो, तेव्हा हो म्हणायचं. फक्त पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत दिसतो, ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर काढून टाका.

— कासारवडवलीहून

*

ऐरोलीच्या ताई, तुमचं "लक्ष उठत नाही" वाचलं म्हणून लिहितोय. मला दिसत नाही. जन्मापासून नाही, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला नजर गेली. आता बेलापूरला नोकरी करतो, रोज आठ तास कॉम्प्युटरवर.

तुम्ही ज्याला शॉर्टकट म्हणता तो माझ्यासाठी एकमेव रस्ता आहे. माऊसचा बाण कुठे आहे हे मला कळायचा प्रश्नच नाही. मी एनव्हीडीए वापरतो, स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका अंध मुलाने २००६ मधे तो लिहायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर सामान्य माणसाला परवडणारे नव्हते. हे मला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तेव्हा मला फार धीर आला होता.

वेबसाइट उघडली की मी एच दाबतो, पुढच्या मथळ्यावर जातो. बी दाबलं की बटण, ई दाबलं की लिहायची चौकट, टी दाबलं की टेबल, आणि टेबलात कंट्रोल + ऑल्ट + बाण करून एकेक घर ऐकतो. कुठे आहोत ते विसरलो तर इन्सर्ट + टी, खिडकीचं नाव सांगतो. मराठी पण वाचतो, आवाज यंत्रासारखा आहे पण सवय होते, मी इतक्या वेगाने लावतो की शेजारी बसणाऱ्याला एक शब्द कळत नाही.

अडचण कुठे येते सांगतो. ज्याने वेबसाइट बनवली त्याने बटणाला नावच दिलेलं नसतं, मग मला नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. किंवा टॅब दाबत दाबत सगळं भरलं आणि शेवटचं "सबमिट" फक्त माऊसनेच दाबलं जातं. एकदा एका फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि त्या एका बटणासाठी मला सानपाड्याच्या मित्राला घरी बोलवायला लागलं. तो आला, एक क्लिक केला, चहा घेऊन गेला. बाकी बावीस रकाने मी स्वतः भरले होते.

इथे कोणी वेबसाइट बनवणारे असतील तर एक विनंती, काम झालं की माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाण यांवर आपली साइट वापरून बघा. पाच मिनिटं लागतात.

— नेरूळ

*

दादा, मी घणसोलीला फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवायचं काम करते. आजच आमच्या फॉर्मवर करून बघितलं. तारखेच्या चौकटीत गेल्यावर टॅब तिथेच अडकतो, बाहेरच येत नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच घेतलंय. मनापासून थँक्यू.

*

वागळे इस्टेटमधे ड्राफ्ट्समन आहे, ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर. आमच्याकडे माऊस सुटत नाही, उजवा हात माऊसवरच, पण डावा हात कीबोर्डवर हवा. लाईनला एल, ट्रिमला टीआर, ऑफसेटला ओ, एफ८ ने रेघ सरळ धरायची, एफ३ ने टोक पकडायचं, आणि स्पेसबार म्हणजेच एंटर, शिवाय नुसता स्पेस दाबला की मगाचची कमांड परत चालू. मी पहिली पाच-सहा वर्षं सगळं वरच्या चित्रांवर क्लिक करून करायचो. मग उजवं मनगट सुजायला लागलं, रात्री बोटांना मुंग्या, कळव्याहून गाडीवर यायचो तर ब्रेक दाबताना कळ. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी विचारलं दिवसात किती क्लिक करता, मी मोजलंच नव्हतं. एक दिवस मोजायला लागलो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत कंटाळून सोडून दिलं. मग एकेक कमांड डाव्या हाताकडे दिली, आठवड्याला दोनच, जास्त नाही. पट्टा बांधणं, व्यायाम हे पण केलं, त्यामुळे फक्त शॉर्टकटने बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण आता मुंग्या नाहीत.

कमांडची अक्षरं आपल्याला हवी तशी बदलता येतात, ती एका पीजीपी फाईलमधे असतात. मी कॉपीला सीओ ऐवजी सीसी केलंय. नवीन पोरांना मात्र सांगतो मूळचीच शिका, दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ येते.

— कळवेकर

*

फसलेला अनुभव विचारलाय म्हणून. एचआरमधे होते तेव्हा पगाराच्या शीटमधल्या काही ओळी हाइड करून, बाकीच्या कंट्रोल + सी करून नवीन शीटमधे टाकल्या आणि मेल पाठवला. हाताने हाइड केलेल्या ओळी पण सोबत कॉपी होतात हे मला माहीत नव्हतं. मॅनेजर लोकांचे पगार अख्ख्या टीमला गेले. ते दोन दिवस मी कसे काढले माझं मला माहीत.

सिलेक्ट केल्यावर ऑल्ट आणि अर्धविराम दाबायचा, मग फक्त दिसणाऱ्याच ओळी धरल्या जातात, त्यानंतर कॉपी. प्लीज लक्षात ठेवा सगळ्यांनी.

— खारघर

*

मी सरकारी ऑफिसातून रिटायर झालो, ठाण्यातच. मराठी टायपिंग मशीनवर शिकलेलो, परीक्षा परिषदेची तीस आणि चाळीस दोन्ही पास. कॉम्प्युटर आले तेव्हा हात रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीचा, आणि युनिकोड आल्यावर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची वेगळी मांडणी शिका म्हणाले. पन्नाशीत हात मोडून पुन्हा बसवणं सोपं नाही हो. पण इनस्क्रिप्टची मांडणी, जी १९८६ साली ठरली, ती समजून घेतली तेव्हा मला फार आवडली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला, आणि शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ, त चा थ, प चा फ. आपली बाराखडीच कीबोर्डवर मांडलेली आहे. मराठी लिहिताना डावा-उजवा असा ताल लागतो. इंग्रजीत जायचं तर विंडोज + स्पेस.

एक गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक ज्युनिअरला शिकवली, नवीन पानावर जायला एंटर-एंटर-एंटर मारत बसू नका, कंट्रोल + एंटर. वर एक ओळ वाढली की खालचं सगळं पत्र सरकतं आणि साहेबांची सही एकटीच पुढच्या पानावर जाते. अशा फायली मी कित्येक दुरुस्त केल्या.

— चरई

*

काका, कंट्रोल + एंटर आजच कळलं 🙏 बारा वर्षं एंटर मारतेय.

*

कॉपी-पेस्टबद्दल एक. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कट-कॉपी-पेस्ट आणलं. टेस्लर नंतर ॲपलमधे गेले, आणि झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरं तिथे ठरली, ओळीत शेजारी-शेजारी, डाव्या हाताच्या बोटांखाली. फेब्रुवारी २०२० मधे ते गेले तेव्हा आमच्या ऑफिसात कोणाला नावही माहीत नव्हतं. मी त्या दिवशी टीमला मेल लिहिला होता त्यांच्याबद्दल. दिवसातून शंभर वेळा ज्याचं काम वापरतो त्याचं नाव तरी माहीत असावं.

— कोपरी

*

अकाउंट्सवाल्या ताई, मी नवीनच लागलेय एका सीए ऑफिसला, तुर्भ्याला. टॅलीत एफ७ दाबलं की माझ्या लॅपटॉपवर आवाजच कमी-जास्त होतो, जर्नल उघडत नाही. सर म्हणतात माऊसने कर. काय करू?

*

सरांना सांगू नकोस, आधी हे कर. डावीकडे खाली एफएन लिहिलेलं बटण असेल. ते धरून एफ७ दाब, चाललं पाहिजे. आणि दर वेळी धरायचं नसेल तर एफएन धरून एकदा एस्केप दाब, बऱ्याच लॅपटॉपवर त्या बटणावर छोटं कुलूप काढलेलं असतं. मग वरची सगळी ओळ सरळ एफ१, एफ२ म्हणूनच चालते. बघून सांग.

— ऐरोलीची

*

कुलूप होतं ताई! उघडलं जर्नल. आता एंट्र्या करतेय, बिलावर बोट ठेवून.