मदत हवी आहे : २०२४ च्या जागतिक घटनांच्या तारखा कोणत्या वेळेनुसार लिहाव्यात?

फोंडा तालुक्यातील आमच्या वाचनालयात शालेय मुलांसाठी २०२४ सालातील जागतिक घटनांचा भिंतीवरील तक्ता तयार करत आहोत. महिन्याला एकच चौकट असून तीत तारीख आणि दोन-तीन वाक्ये एवढीच जागा आहे, त्यामुळे तळटिपा देता येणार नाहीत.

अडचण तारखांची आहे. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला तो तेथील १३ जुलैच्या संध्याकाळी, पण तेव्हा आपल्याकडे १४ तारीख उजाडली होती. दक्षिण कोरियाचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे : राष्ट्राध्यक्ष युन यांनी ३ डिसेंबरच्या रात्री लष्करी कायदा जाहीर केला आणि संसदेने तो रद्द करण्याचा ठराव मध्यरात्रीनंतर, म्हणजे तेथील ४ तारखेला, १९० विरुद्ध ० मतांनी संमत केला, मात्र भारतीय वेळेनुसार या दोन्ही गोष्टी ३ डिसेंबरलाच घडल्या.

वाचनालयातील मराठी दैनिकांचे जुने अंक चाळून पाहिले, परंतु बातमीत बहुधा नुसता वार असतो आणि वरची तारीख छपाईची असते. स्थानिक तारीख लिहावी, असा माझा कल आहे. शिक्षक सहकाऱ्यांचे म्हणणे असे की मुलांना आपल्या घड्याळाची तारीख समजते. तेही खोटे नाही.

स्पर्धा परीक्षांची पुस्तके किंवा वार्षिकांक यांचे संपादन केलेल्यांनी कृपया सांगावे : अशा संकलनात सर्वत्र घटनास्थळाचीच तारीख देण्याचा प्रघात आहे की भारतीय वेळेची?