वॉटकिन्स ग्लेन: घळीतून वर जावं की वरून उतरावं?

रानवाट: न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कात घळीतून जाऊन दुसऱ्या वाटेने परत यायचा बेत आहे. सोबत सासूबाई, वय ६८. चढ जमतो, उतरताना गुडघा दुखतो. गाडी वरच्या दाराशी लावून नुसतं उतरत यावं का?

झुळूक: मुळीच नको. वरून निघालात तर आधी जेकब्ज लॅडरच्या १८० पायऱ्या उतराव्या लागतील, आणि त्यापुढे घळीतल्या ओल्या पायऱ्या. गुडघ्याला त्रास नेमका तिथेच. खालच्या मुख्य दारातून गॉर्ज ट्रेलने, म्हणजे घळीतल्या वाटेने चढा, माइल पॉइंट ब्रिजपाशी इंडियन ट्रेल धरा आणि झाडीतून काठाकाठाने परत या. जेकब्ज लॅडर टळते. ८३२ पायऱ्यांचा आकडा ऐकून घाबरू नका, तो सुमारे दीड मैलाच्या सगळ्या गॉर्ज ट्रेलचा हिशेब आहे. काठावरून येतानाही उतार आहेच, सासूबाईंना काठी द्या.

कातळ: +१. फक्त बूट नीट बघा. कॅव्हर्न कॅस्केड आणि रेनबो फॉल्स या दोन्ही धबधब्यांच्या मागून वाट जाते, वरून पाणी ठिबकतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही फरशी ओलीच. झिजलेल्या तळाचे स्पोर्ट्स शूज तिथे घसरतात; खोल खाचांचा रबरी तळ हवा. कॅमेऱ्याची काच पुसायला कोरडा रुमाल वरच्या खिशात ठेवा, बॅगेत तळाला नको. रेनबो फॉल्सला इंद्रधनुष्य हवं असेल तर निरभ्र दिवशी दुपारी जा, सकाळी नाही. गर्दी मात्र सकाळी कमी. दोन्ही एकदम मिळत नाही.

रानवाट: आभार! एप्रिलच्या सुट्टीत चालेल? कुत्रा पण आहे.

झुळूक: एप्रिलमध्ये गॉर्ज ट्रेल बहुधा बंदच असेल. हिवाळ्यात भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, शेल या ठिसूळ खडकाचे थर सुटतात. असे सैल दगड काढून टाकल्याशिवाय वाट उघडत नाहीत. साधारण मे मध्यानंतरचा बेत करा, निघण्यापूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर बघा. कुत्र्याला गॉर्ज ट्रेलवर मनाई आहे. बाबागाडीही तिथे निरुपयोगी.

कातळ: आणि घळीतले डोह कितीही निवळ दिसले तरी पाण्यात उतरायला बंदी आहे. मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा.