शार्कचे सिनेमे: तुम्हाला कशाची भीती वाटली?

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी या सिनेमांनी विदर्भातल्या खेड्यापाड्यांतही झोप उडवली आहे. आपापले अनुभव लिहा. सुरुवात मी करते. 'जॉज'मध्ये (१९७५) शार्क बराच वेळ दिसतच नाही. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो न दाखवताच भागवावं लागलं. शार्कला दोरानं अडकवलेली, पाण्यावरून खेचली जाणारी ती पिवळी पिंपं पाहून माझे हातपाय गार पडले होते.

भंडारा जिल्हा
आमच्याकडं गणपतीत व्हीसीआर आणून असाच एक सिनेमा दाखवला होता. दुसऱ्या दिवशी मालगुजारी तलावात एकही पोट्टा उतरला नाही. आम्ही ढिवर. पहाटे बाबासंगं डोंग्यात गेलो. जाळ्याला खालून असा हिसका बसला का दोर तळहात सोलत गेला. बाबा म्हणे, "कतला हाये रे, ओढ!" कतलाच होता, चांगला मोठा. पण वर येईपर्यंत काळ्या पाण्यात काय हाये ते दिसत नाही, अन् जीव त्यातच जाते.

गडचिरोली
ताई, मला 'ओपन वॉटर'नं (२००३) हलवलं. त्यात खरे शार्क वापरले आहेत. पण माझ्या मनात राहिली ती बोटीवरची चुकलेली मोजणी: दोन माणसं समुद्रातच राहतात आणि बोट निघून जाते. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात खरंच असं घडलं होतं. मार्कंड्याच्या यात्रेला नावेनं वैनगंगा ओलांडताना मी पोरांना आधी मोजते, उतरल्यावर पुन्हा मोजते.

ताडोबालगतचं गाव
मला मात्र या सिनेमांचा राग येतो. शार्क डूख धरून एकाच माणसामागं लागतो, हे पटत नाही. आमच्याकडं मोहफुलं वेचायला पहाटे जातात. वाकलेल्या माणसावर वाघ झेप घेतो तो त्याला जनावर समजून, वैरानं नाही. माझी मावशी अशीच गेली. तरी मामा वाघाला मारा म्हणाला नाही. गावानं एकट्यानं जाणं बंद केलं. 'जॉज' कादंबरी लिहिणारे बेंचलीही पुढं शार्क वाचवायच्या कामाला लागले. हे सिनेमा पाहणाऱ्या पोरांना कोणीतरी सांगा.

वर्धा नदीकाठ
'द शॅलोज' (२०१६) बघा. खडकावर अडकलेली पोरगी भरतीची वेळ मोजत बसते. पुरात झाडावर रात्र काढलेल्यांना ती मोजदाद लगेच कळेल.